हात पुढे कर

आजीला जाऊन सात महिने झाले. हे लिहायला मी याआधी चार वेळा बसले आणि चारही वेळा दोन परिच्छेदांच्या पुढे गेले नाही, कारण लिहायला लागलं की ती आपोआप फार गोड, फार सोशिक, सगळ्यांवर माया करणारी वगैरे होत जाते आणि वाचताना मलाच वाटतं की ही कोण, ही तर कोणाचीही आजी असू शकते. आमची आजी अशी नव्हती. माया होती, भरपूर होती, पण ती तोंडावर नव्हती. जवळ घेऊन पापे घेणं, लाडाच्या नावाने हाक मारणं तिला जमायचंच नाही. तुमच्या शर्टाचं बटण सैल झालंय हे तुमच्या आधी तिच्या लक्षात यायचं आणि सकाळी उठून बघावं तर ते घट्ट शिवलेलं असायचं, आणि त्यावर एक शब्द नाही.

तिच्याकडे बटणांचा एक चपटा पत्र्याचा डबा होता. कुठलाही शर्ट जुना होऊन पुसायच्या फडक्यात जमा व्हायचा त्याआधी ती त्याची सगळी बटणं कापून घ्यायची आणि सारखी बटणं एका दोऱ्यात ओवून गाठ मारून डब्यात टाकायची. त्यामुळे त्या डब्यात घरातल्या जवळजवळ प्रत्येकाचे सगळे शर्ट आहेत, कापड कधीच गेलं पण बटणं आहेत. ती गेल्यावर मामाने तो डबा उघडला, एक छोटी पांढऱ्या बटणांची माळ उचलली आणि म्हणाला ही माझ्या शाळेच्या शर्टाची. पुढे काही बोलला नाही. तो डबा आता मामाकडे आहे आणि तो मामाकडेच असायला हवा.

माझ्याकडे आहे ते वेगळंच आहे, ते डब्यात मावणारं नाहीये.

आजी विणायची. थंडी असो नसो, हातात सुया असायच्याच. ज्यांनी लोकरीचं काम जवळून बघितलं नाहीये त्यांच्यासाठी सांगते, तेव्हा लोकर लडीत यायची, म्हणजे एक मोठं सैल वेटोळं, आणि ती तशीच विणायला घेतली तर पाच मिनिटांत असा गुंता होतो की रडू येतं. म्हणून आधी लड सोडून तिचा गुंडा करायचा. याला दोन माणसं लागतात. एकाने दोन्ही हात पुढे करून बसायचं, मनगटांत लड अडकवून घ्यायची, आणि दुसऱ्याने टोक धरून गुंडाळत जायचं. धरणाऱ्याने हात नुसते ताठ ठेवून चालत नाही, धागा ज्या बाजूने सुटतोय त्या बाजूचा हात जरा झुकवावा लागतो, मग दुसरा, मग पहिला, असं हळूहळू होडीसारखं डोलत राहायचं. आणि गुंडाळणाऱ्याने आपली दोन बोटं मध्ये घालून त्यावरून गुंडाळायचं म्हणजे गुंडा सैल राहतो. "घट्ट नको गुंडाळू, लोकर दमते," असं ती म्हणायची. ताणून गुंडाळलेली लोकर विणताना ताणलेलीच विणली जाते आणि पहिल्या धुण्यात स्वेटर आखडतो, हे कारण मला खूप नंतर कळलं, लहानपणी मला खरंच वाटायचं की लोकर दमते.

तर ती हाक मारायची, "इकडे ये. हात पुढे कर."

आम्हा सगळ्या भावंडांना ही हाक माहितीये. एकदा का मनगटांत लड अडकली की तुम्ही कुठे जाऊ शकत नाही. नाक खाजवता येत नाही. हातात पुस्तक घेता येत नाही, नंतरच्या काळात फोन घेता येत नाही. आणि समोर आजी, तिचं लक्ष तुमच्याकडे नाहीच, धाग्याकडे आहे. चारदोन मिनिटं काही बोलणं नाही. मग मध्येच, मान वर न करता, "गणितात किती पडले ते अजून सांगितलं नाहीस." किंवा "ती तुझी मैत्रीण हल्ली येत नाही." किंवा नुसतंच, "काय झालंय?"

आणि आपण सांगायचो! आईने समोर बसवून डोळ्यात बघून विचारलं तर जे मरेपर्यंत सांगितलं नसतं ते सगळं या पंधरा मिनिटांत बाहेर यायचं. मी दहावीत एका पेपरला रडून उत्तरपत्रिका अर्धी कोरी ठेवली होती ते, नोकरीच्या पहिल्या वर्षी मी रोज रात्री छताकडे बघत पडायचे ते, सगळं मी आधी आजीला सांगितलंय आणि सगळं हात पुढे करून सांगितलंय. ती सल्ला द्यायची नाही. "हं" म्हणायची. कधी "मग?" म्हणायची. लड संपली की हात मोकळे आणि बोलणंही संपलं, ती तो विषय स्वतःहून परत कधी काढायची नाही. मला आता वाटतं की तिला हे पक्कं माहिती होतं, माणूस डोळ्याला डोळा लावून मनातलं बोलत नाही, हात कशात तरी गुंतलेले असले आणि नजर तिसरीकडे असली की बोलतो. कुठे वाचून नाही, पाच पोरं आणि नऊ नातवंडं वाढवून माहिती होतं.

भांडणाचंही तेच. मी आणि माझा मामेभाऊ जोरात भांडलो की ती कोण चुकलं वगैरे विचारायची नाही, एकाच्या हातात लड आणि दुसऱ्याच्या हातात टोक. तुम्ही चिडून जोरात ओढलं तर गुंता होतो आणि तो सोडवायला दोघांनाच बसायला लागतं. दोन वेळा गुंता केला आम्ही, तिसऱ्या वेळी नाही.

पुढचं सांगायला मला जड जातंय पण ते टाळून आजी पूर्ण होत नाही.

शेवटची सहा वर्षं तिला विसरायला होत होतं. सुरुवात अगदी साधी, दहा मिनिटांत तोच प्रश्न तीनदा. आम्ही म्हणालो वय झालं. मग एकदा ती ओळखीच्या रस्त्यावर उभी राहिली आणि घर कुठल्या बाजूला ते तिला आठवेना. डॉक्टरांनी अल्झायमर सांगितलं. तो शब्द आपण ऐकलेला असतो, घरात आल्यावर मात्र तो वेगळा होतो. मी तेव्हा रात्र रात्र वाचत बसायचे, काहीतरी हातात यावं म्हणून. त्यातून एक समजलं की या आजारात मेंदूतला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग अगदी सुरुवातीलाच तडाख्यात सापडतो, आणि नवीन आठवणी पक्क्या करायचं काम त्याचंच, म्हणून सकाळचं जातं आणि साठ वर्षांपूर्वीचं राहतं. तिने मला आईच्या नावाने हाक मारायला सुरुवात केली तेव्हा आधी मी दुरुस्त करायचे, "अगं आजी, मी आई नाही." तिचा चेहरा पडायचा. काहीतरी चुकलं एवढं तिला कळायचं, काय चुकलं ते कळायचं नाही. असं बरेच दिवस मी केलं आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. मग मी ओ द्यायला लागले. आईच्या नावाने हाक आली की "ओ". एवढं सोपं होतं ते.

पण तिचे हात विसरले नव्हते. नातवंडांची नावं गेली, आज वार कोणता ते गेलं, स्वतःची खोली गेली, पण हातात सुया दिल्या की सुलट टाका बरोबर पडायचा. मला ते चमत्कारासारखं वाटायचं, पुढे वाचताना कळलं की यालाही कारण आहे. हेन्री मोलेसन नावाच्या एका माणसावर १९५३ साली फिट्स थांबवायला मेंदूची शस्त्रक्रिया झाली आणि त्यात दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग गेला, त्यानंतर त्याला नवीन काही लक्षातच राहीना. ब्रेंडा मिल्नर या शास्त्रज्ञ बाईंनी त्याला आरशात बघून कागदावरची चांदणी गिरवायला दिली, हे आरशात उलटं दिसतं म्हणून भल्याभल्यांचा हात वाकडा जातो. तीन दिवस त्याने ते केलं. आदल्या दिवशी आपण हे केलंय हे त्याला अजिबात आठवत नव्हतं, पण हात दर दिवशी सुधारत गेला. म्हणजे हाताची आठवण मेंदूत वेगळ्या वाटेने राहते. हे वाचलं त्या रात्री मी उठून आजीच्या खोलीत गेले. ती झोपली होती आणि तिची बोटं पांघरुणावर हलत होती, अंगठा आणि पहिलं बोट, धागा सुईवर घेतल्यासारखी.

तेव्हापासून मावशी रोज संध्याकाळी तिला चाळीस टाके घालून द्यायला लागली. डिझाइन काही नाही, नुसते सुलट, परतताना पण सुलट. ती विणत बसायची. त्याची एक लांबच लांब पट्टी झालीये, करड्या लोकरीची. सुरुवातीला कडा सरळ आहेत. मग एक टाका गळलाय, मग दोन, मध्येच कुठे दोन टाके एकत्र विणलेत, चाळीसचे छत्तीस झालेत, तीस झालेत, एका ठिकाणी एकदम शेहेचाळीस आहेत. डॉक्टरांच्या फायलीत तारखांनी जे लिहिलंय ते सगळं त्या पट्टीत बोटाने चाचपता येतं. आम्ही चुका दुरुस्त केल्या नाहीत. गळलेला टाका क्रोशाच्या सुईने एकेक पायरी वर घेता येतो, मला येतं ते, तिनेच शिकवलंय, पण तिथे करावंसं वाटलं नाही. शेवटची ओळ अर्धी आहे. पट्टी अजून सुईवरच आहे, टाके बंद केलेले नाहीत, आणि ते कोणी करायचे यावर घरात कोणी बोलत नाही.

ती गेल्यावर वाटणीवरून भांडणं झाली नाहीत, तशी वाटण्यासारखी इस्टेटही नव्हती. पण एक विचित्र गोष्ट झाली. आम्ही भावंडांनी व्हॉट्सॲपवर एक ग्रुप केला, नुसता आजीच्या आठवणी टाकायला, आणि आठवडाभरात लक्षात आलं की आम्ही सगळे वेगवेगळ्या बाईबद्दल बोलतोय. मामेभाऊ म्हणतो ती कडक होती, त्याला कधी एक शब्द कौतुकाचा बोलली नाही. माझी मावसबहीण म्हणते ती विणताना गुणगुणायची, मी शपथेवर सांगते की मी आजीला कधी गाताना ऐकलं नाहीये. मामा म्हणतो ती रात्री त्याच्या आधी कधी झोपली नाही, आई म्हणते ती नऊ वाजता झोपायची. आणि सगळ्यात धाकटी मामेबहीण आता अकरा वर्षांची आहे, तिला समज येईपर्यंत आजी आजारीच होती. तिने लिहिलं की आजी माझं बोट धरून बसायची आणि हसायची, मी खोलीत आले की प्रत्येक वेळी पहिल्यांदाच भेटल्यासारखी खूश व्हायची. आम्ही मोठी माणसं ज्या वर्षांना "आजी गेलीच होती तशी" म्हणतो, त्याच वर्षांत त्या पोरीला अख्खी आजी मिळालीये. ते वाचून मी दिवसभर गप्प होते. मला कोणता हक्क होता म्हणायला, की खरी आजी ती आधीची.

आधी मला वाटायचं कोणीतरी चुकतंय, विचारून विचारून खरं काय ते ठरवावं. मी तशी वहीही केली. तिच्या टेलिफोनच्या डायरीपासून सुरुवात केली कारण तिच्या हातचं लिहिलेलं तेवढंच आहे. त्या डायरीत गेलेल्या माणसांची नावं तिने खोडली नाहीत, नावापुढे पेनाने एक बारीक ठिपका दिलाय. आणि माझं नाव शोधलं तर अर्धं पान माझंच. घरचा नंबर, मग हॉस्टेलचा, तो खोडून दुसऱ्या हॉस्टेलचा, मग पहिला मोबाईल, तो खोडून दुसरा, ऑफिसचा, नवरा झाला त्याचा, मग एक तर मी फक्त दोन महिने वापरलेला नंबर आहे, तोही आहे. मी स्वतः माझ्या आयुष्याचा एवढा नीट हिशोब ठेवलेला नाहीये. आणि अक्षर खाली खाली थरथरत गेलंय. शेवटच्या नंबरात नऊ आकडे आहेत, एक राहिलाय.

त्या वहीचं पुढे काही झालं नाही, कारण एका ठिकाणी येऊन माझं खरं-खोटं करणंच थांबलं. ते मावशीमुळे, ते सांगतेच.

त्याआधी एक गोष्ट, कारण ती मी घरात सगळ्यांना सांगत सुटले होते आणि इथे सांगितल्याशिवाय राहवणार नाही. मुलगी आईच्या पोटात असते तेव्हाच तिच्या अंडाशयात तिच्या जन्मभराच्या अंडपेशी तयार होतात. पाचव्या महिन्याच्या सुमाराला साधारण ६० ते ७० लाख असतात, जन्मापर्यंत १० ते २० लाख उरतात. म्हणजे आई जेव्हा आजीच्या पोटात होती तेव्हा ज्या पेशीपासून पुढे मी झाले ती पेशी तिथेच होती, आजीच्या पोटात. मी हे आईला फोनवर सांगितलं. आई बराच वेळ काही बोलली नाही, मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाली, "तरीच."

आणि मायटोकाँड्रिया, पेशीला ऊर्जा देणारे ते बारीक भाग, त्यांचा डीएनए फक्त आईकडून येतो. म्हणजे आजीचा तो आईकडे, मावशीकडे, माझ्याकडे आला. मामाकडेही आला पण तिथे थांबला, मामाच्या मुलांना तो त्यांच्या आईचा मिळाला. हे मी ग्रुपवर टाकलं आणि लगेच वाईट वाटलं की मामेभावाला काय वाटेल. त्याने उत्तर म्हणून एक व्हिडिओ टाकला, त्याच्या बायकोने मागून काढलेला, तो नुसता अंगणातून चालत चाललाय. डावा खांदा किंचित खाली, पाऊल टाकताना मान आधी पुढे. सेम आजी! सगळ्या ग्रुपवर कोणी पाच मिनिटं काही लिहिलं नाही.

माणसांमधल्या बायका पाळी थांबल्यावरही वीस-तीस-चाळीस वर्षं जगतात, प्राण्यांमध्ये हे फार दुर्मीळ आहे, काही जातींच्या देवमाशांसारखे थोडेच अपवाद. का, यावर क्रिस्टन हॉक्स या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टांझानियातल्या, शिकार करून आणि कंदमुळं गोळा करून जगणाऱ्या हाड्झा लोकांबरोबर राहून काम केलं. त्यांनी बघितलं की म्हाताऱ्या बायका तासन्‌तास कंद खणतात, आणि आईला नवीन बाळ झालं की आधीच्या पोराचं वजन आजी किती खणून आणते त्यावर ठरतं. त्यावरून १९९०च्या दशकात त्यांनी मांडलं की माणसाचं एवढं लांब आयुष्य घडण्यात आज्यांचा हात असावा. सगळे शास्त्रज्ञ हे मान्य करत नाहीत, वाद आहे. पण मला ते वाचताना लाखो वर्षांपूर्वीची कोणी एक वाकलेली म्हातारी दिसली, दिवसभर खणून आणलेलं पोरापुढे ठेवणारी, आणि त्याबद्दल एक शब्द न बोलणारी.

आता मावशी.

मावशी सगळ्यात मोठी. तिला शिकायला बाहेर जायचं होतं, प्रवेशही मिळाला होता. आजोबा तेव्हा अंथरुणावर होते, धाकटी चार भावंडं, आजी म्हणाली नाही. एवढंच. मावशी गेली नाही. चाळीसहून जास्त वर्षं झाली त्याला. मावशीने त्याबद्दल कधी आरडाओरडा केला नाही, आजीच्या आजारपणात सगळ्यात जास्त तिनेच केलं, ते चाळीस टाके रोज घालून देणारी तीच. पण ग्रुपवर तिने एकही आठवण टाकली नाही. मी फोन केला, म्हटलं मावशी तू पण लिही ना काहीतरी. ती म्हणाली, "तुला जी आजी मिळाली ना, ती मला आई म्हणून मिळाली नाही. मी काय लिहू?"

रागाने नाही म्हणाली. वस्तुस्थिती सांगावी तसं.

मला धक्का बसला असं म्हणणार नाही, कुठेतरी ते माहिती होतं. कारण मला शिकायला लांब जायचं होतं आणि आई घाबरून नको म्हणत होती तेव्हा आजीनेच आईला सांगितलं होतं, "जाऊ दे तिला. एका पोरीला अडवलं ते पुरे झालं." मी गेले. माझं पुढचं सगळं त्या एका वाक्यावर उभं आहे. म्हणजे मला जे मिळालं ते मावशीच्या न मिळण्यातून आलं, तिचं गेलं म्हणून आजी शिकली आणि त्या शिकण्याचा फायदा मला झाला. ही गोष्ट मावशीच्या तोंडावर कशी बोलायची? इतकी वर्षं मी बोलले नव्हते.

गेल्या महिन्यात मावशी माझ्याकडे राहायला आली. बॅगेतून तिने एक स्वेटर काढला, गडद निळा, पुढे वेणीची नक्षी. ही नक्षी करायला तिसरी छोटी सुई लागते, टाके त्यावर काढून ठेवून पुढे-मागे करावे लागतात, घाईत होत नाही. स्वेटर कोराच. घडीच्या रेषासुद्धा तशाच. "ज्या वर्षी नाही म्हणाली ना त्या वर्षी विणला होता माझ्यासाठी," मावशी म्हणाली. "मी घातला नाही. एकदाही. ती पण कधी म्हणाली नाही की घाल." मग म्हणाली, "उसव. चांगली लोकर आहे. तुझ्या पोरीला होईल काहीतरी."

मी नको म्हटलं. ठेवू म्हटलं. तिने माझ्याकडे असं बघितलं, "ती असती तर ठेवला असता?" नसता ठेवला. आजी कुठलाही जुना स्वेटर उसवून परत विणायची, लोकर नुसती पडून राहिलेली तिला बघवायची नाही.

बसलो मग दोघी. आधी शिवणी कापायच्या, बाह्या वेगळ्या, खांदे वेगळे. मग जिथे टाके बंद केलेत तिथलं टोक शोधायचं, कारण वीण खालून वर जाते आणि उसवते वरून खाली. ते टोक तिने इतकं बेमालूम आत ओवून टाकलं होतं की आम्हाला सापडेना, चष्मा लावून दिव्याखाली धरून अर्धा तास गेला. एकदा सापडल्यावर मात्र सरसर निघालं. खुर्चीच्या पाठीला गुंडाळत लडी केल्या, चार ठिकाणी सैल गाठी मारल्या, कोमट पाण्यात भिजवल्या आणि खाली वजन बांधून वाळत टाकल्या. उसवलेली लोकर कुरळी असते, प्रत्येक टाक्याचा वळसा तिच्यात राहिलेला असतो, भिजवून वजनाने वाळवली की तो जातो. दोन दिवस लागले. वाळत असताना मी येता-जाता बघत होते, ते कुरळेपण हळूहळू सुटत होतं आणि मला ते आवडत नव्हतं, तिच्या हातचा प्रत्येक टाका त्यात होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी गुंडे करायला बसलो. मी काही म्हणायच्या आत मावशीने दोन्ही हात पुढे केले. साठी उलटलेली बाई, आणि हात अगदी तसे, कोपरं जवळ, अंगठे वर. मी लड अडकवली. टोक शोधलं. दोन बोटं घालून गुंडाळायला लागले. ती डोलायला लागली, डावा हात, उजवा हात. मी धाग्याकडे बघत होते.

पहिली लड नुसतीच संपली. दुसरी अर्धी झाली असेल. मग तीच म्हणाली, "माझ्याबद्दल काही बोलायची का गं ती? तुझ्याशी?"

बोलायची. एकदाच बोलली होती, मी लांब जायच्या आदल्या रात्री, शेवटची लड गुंडाळताना, आणि वर म्हणाली होती तिला सांगू नकोस. बावीस वर्षं मी ते सांगितलं नव्हतं. मी मान वर केली नाही. म्हटलं, ती म्हणाली होती, "तुझ्या मावशीला मी नाही म्हटलं तेव्हा ती रडली नाही. रडली असती तर पाठवलं असतं मी, काहीही करून. मला वाटलं हिला तेवढं काही नाहीये."

धागा सुटत होता. मावशीचे हात डोलायचे थांबले, मग परत सुरू झाले.

"रडले होते की," ती म्हणाली. "न्हाणीघरात. नळ सोडून. तिला ऐकू जाऊ नये म्हणून."

मी "हं" म्हटलं. लड अजून बरीच बाकी होती. थोड्या वेळाने ती म्हणाली, "घट्ट गुंडाळतेयस." मी पाच-सहा फेरे सोडले, बोटं नीट घातली आणि परत गुंडाळायला घेतलं.